पट्टा चुकलेली पिल्लं

माझं गाव भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात. पुढे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मागे धानाच्या बांध्या. जवळात जवळचा समुद्र आंध्रच्या किनाऱ्याचा, तोही सरळ रेषेत मोजला तर पाचशे किलोमीटरवर. अशा गावात, पूर्वी धानाची पोती ठेवायचो त्या खोलीत, मी चार वर्षांपासून खाऱ्या पाण्यातले क्लाऊनफिश, म्हणजे तीन पांढऱ्या पट्ट्यांचे नारिंगी मासे, वाढवतो. पाहुणा आला की आधी नारिंगी मासे बघतो आणि मग त्यांच्यातल्या एका विचित्र पट्ट्यांच्या माशाकडे बोट दाखवून विचारतो, "हा कुठला?" या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली.

आम्ही ढीवर. बाबा मच्छीमार संस्थेचे जुने सभासद, त्यांचं आयुष्य तलावाच्या पाळीवर गेलं. मी मात्र शोभिवंत माशांकडे वळलो. २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली. तिच्यात घरामागच्या छोट्या युनिटसाठी तीन लाखांचा खर्च धरला होता, सर्वसाधारण गटाला ४० टक्के अनुदान आणि महिलांना ६० टक्के. युनिट बायकोच्या नावावर केलं आणि कामही तिनं माझ्याइतकंच अंगावर घेतलं. गप्पी, मोली, एंजल असं सुरू होतं. २०२१ च्या पावसाळ्यात नागपूरच्या एका दुकानात क्लाऊनफिश पाहिले आणि दोन पिल्लं घेऊन आलो. टाकीतच जन्मलेली होती, समुद्रातून धरलेली नव्हती, एवढं मी विचारून घेतलं होतं.

खारं पाणी तयार करणं हेच पहिलं शिक्षण. आमच्या बोअरचं पाणी जड, म्हणून आरओचे वीस लिटरचे जार आणायचो. लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबानं नागपूरहून आणलेलं समुद्री मीठ विरघळवायचं, मग घनता मोजायची. काटा १.०२५ वर आला पाहिजे. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे न कळल्यामुळे पहिल्याच महिन्यात पाणी एवढं खारं करून ठेवलं की दोन्ही मासे कोपऱ्यात धापा टाकत होते. मे महिन्यात इथं पारा ४५ वर जातो आणि या माशाला २७ अंशांच्या आसपास पाणी लागतं. खोलीत कूलर, टाकीवर पंखा, आणि लाईन गेली की बर्फाच्या बाटल्या. पहिला उन्हाळा आम्ही दोघांनी आळीपाळीनं जागून काढला.

या माशाची एक गोष्ट बाबांना फार आवडली. सगळी पिल्लं आधी नरच असतात. दोघं एकत्र ठेवले की त्यातला मोठा, दांडगा असतो तो मादी होतो. उद्या मादी मेली तर उरलेला नर मादी होतो आणि त्याला नवा नर लागतो. बाबा टाकीसमोर स्टूल टाकून बसायचे आणि म्हणायचे, "पाहा गा, घर चालवनारी आपोआप तयार होते."

२०२२ च्या मार्चमध्ये कुंडीच्या फुटक्या तुकड्यावर पहिली अंडी दिसली. नारिंगी, तांदळाच्या कणीएवढी, एकमेकांना चिकटून. नर दिवसभर त्यांच्यावर परांनी वारा घालायचा आणि खराब झालेलं अंडं वेचून खायचा. आठव्या दिवशी अंड्यांत चंदेरी डोळे चमकायला लागले. पिल्लं अंधार पडल्यावरच फुटतात. आम्ही खोलीतला दिवा मालवून बसलो, आणि तासाभरानं टॉर्च लावला तर पाण्यात काचेचे शेकडो काप तरंगत होते.

चौथ्या दिवशी सगळी मेली. दुसऱ्या खेपेची पाचव्या दिवशी मेली.

कारण साधं होतं, पण मला समजायला वेळ लागला. या पिल्लांचं तोंड इतकं लहान की त्यांना पहिला आठवडा रोटिफरच लागतात. रोटिफर म्हणजे डोळ्यांना जेमतेम ठिपका दिसेल असा पाण्यातला जीव. तो आधी पोसावा लागतो आणि त्याला खायला हिरवं सूक्ष्म शेवाळ लागतं. ते शेवाळ वाढवणं मला जमत नव्हतं. पाण्याच्या बाटल्या खिडकीत मांडायचो आणि दोन उन्हं पडली की हिरव्याच्या पिवळ्या व्हायच्या. म्हणून मी सोपी वाट धरली. बेकरीत पाव फुगवायला वापरतात ते यीस्ट रोटिफरना घालू लागलो. त्यावर रोटिफर भराभर वाढले, पिल्लं खाऊ लागली आणि तिसऱ्या खेपेत ४३ पिल्लं जगली. आम्हाला आभाळ ठेंगणं झालं.

दहाव्या-बाराव्या दिवशी पिल्लू रंग धरतं. आधी डोक्यामागे पांढरा पट्टा, मग पोटावर, शेवटी शेपटीजवळ. आमच्या ४३ पैकी १९ पिल्लांत हा क्रम नीट झाला नाही. कुणाचा मधला पट्टा अर्ध्यावर तुटलेला, कुणाच्या पाठीवर नुसता थेंब. एकाच्या डोक्याचा पट्टा एका बाजूला रुंद होऊन गालभर पसरलेला, दुसऱ्या बाजूला मुळीच नाही. आणि सहा-सात पिल्लांच्या कल्ल्यांची झाकणं बाहेर वळलेली, आतला लाल भाग उघडा.

मी फोटो काढून नागपूरच्या एका व्यापाऱ्याला पाठवले, लाजत लाजतच. त्याचा लगेच फोन आला. "भाऊ, हे तर दुर्मीळ पीस आहेत. साध्याच्या दुप्पट देतो. आणखी असे काढता येतात का बघा." झाकणं वळलेली त्यानं नको म्हटलं, तुटक्या पट्ट्यांची बारा घेतली. गालावर पांढरा डाग असलेलं ते एक पिल्लू मात्र बायकोनं दिलं नाही. त्या रात्री आम्ही हिशेब केला आणि खरं सांगतो, मला फार आनंद झाला. आपल्या खोलीत काही नवं जन्मलं, असं मी चार जणांना सांगितलंही.

पण एक गोष्ट टोचत राहिली. आईबाप दोघंही चोख तीन पट्ट्यांचे. मग जवळजवळ निम्म्या पोरांत पट्टा का चुकावा?

मी वाचायला लागलो. पट्ट्यांचा पांढरा रंग प्रकाश परतवणाऱ्या पेशींमुळे दिसतो आणि त्या पेशी कधी, कुठे जमायच्या हे ठरवण्यात थायरॉइडच्या संप्रेरकांचा मोठा वाटा असतो. २०२१ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या किंबे उपसागरातल्या पर्क्युला या जातीच्या क्लाऊनफिशवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. एकाच जातीची पिल्लं, पण वेगवेगळ्या जातीच्या समुद्रफुलांत, म्हणजे हे मासे ज्यांच्या आधारानं राहतात त्या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांत, वाढणारी. एका प्रकारच्या समुद्रफुलात त्यांना पट्टे लवकर येत होते, दुसऱ्यात उशिरा, आणि लवकर येणाऱ्यांच्या अंगात थायरॉइडचं संप्रेरक जास्त होतं. म्हणजे पट्टा नुसता रक्तात लिहिलेला नसतो. पिल्लू कुठे वाढलं, कसं वाढलं, हेही त्यात उतरतं. दुसरीकडे वाचलं की नुसत्या यीस्टवर पोसलेल्या रोटिफरमध्ये पिल्लांना लागणारी स्निग्धाम्लं फार कमी असतात, आणि वळलेली झाकणं हे बहुतेक वेळा उपासमारीचं आणि खराब पाण्याचं लक्षण असतं.

मग त्याच जोडीवर पडताळा घेतला. बायकोनं शेवाळाच्या बाटल्या ताब्यात घेतल्या. खिडकीतून काढून ट्यूबलाइटखाली ठेवल्या, प्रत्येकीत हवेची नळी सोडली, आणि पंधरा दिवसांत तिचं पाणी गर्द हिरवं झालं. यीस्ट बंद केलं. रोटिफर शेवाळावर पोसले, पुढे आर्टेमिया या झिंग्यासारख्या बारीक जीवाची पिल्लं दिली, पाणी रोज थोडं बदललं. तेच आईबाप, तीच टाकी. पुढच्या खेपेत ११० पिल्लं जगली आणि पट्टा चुकलेली निघाली फक्त आठ. वळलेलं झाकण एकाचं.

ज्याला मी दुर्मीळ म्हणून विकलं होतं, ती माझ्या हातून झालेली उपासमार होती. सगळेच वेगळे रंग असे नसतात, हेही खरं. स्नोफ्लेक, प्लॅटिनम अशा नावांनी विकले जाणारे काही प्रकार पिढ्यान्‌पिढ्या उतरतात, त्यांच्यामागे जनुकं आहेत. पण माझ्या १९ पिल्लांत तसं काही नव्हतं. बारा माशांचे जास्तीचे पैसे परत करायला मी व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "गिऱ्हाईक खूश आहे ना, मग तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" मासे केव्हाच पुढे गेले होते. कुणाकडे गेले ते त्यालाही आठवत नव्हतं.

एवढं झाल्यावरही २०२३ मध्ये मी संकर केला. मोहच होता, दुसरं नाव नाही. ऑस्ट्रेलियाच्या डार्विन शहराजवळच्या समुद्रात ऑसेलॅरिसचा, म्हणजे माझ्या नारिंगी क्लाऊनफिशच्याच जातीचा, काळा प्रकार आढळतो. लहानपणी तो तपकिरी-नारिंगी असतो, वाढताना काळा होत जातो. त्याच व्यापाऱ्यानं टाकीत पैदा झालेला असा एक काळा नर आणून दिला आणि म्हणाला, नारिंगी मादीला लावा, चॉकलेटी पिल्लं निघतील, त्यांना मागणी आहे. जात एकच होती, त्यामुळे माझ्या मनानं चटकन होकार दिला.

मादीनं दिला नाही. पहिल्याच संध्याकाळी तिनं त्याचं शेपूट फाडलं. मग मध्ये भोकं पाडलेली प्लॅस्टिकची जाळी घालून दोघांना तीन आठवडे नुसतं एकमेकांना दिसू दिलं. तो तिच्यासमोर अंग थरथरवत शरण जायला लागला तेव्हा जाळी काढली. आधीचा नर दुसऱ्या टाकीत एकटा पडला. दोन वर्षांची त्यांची जोडी मी मोडली होती. त्या वेळी हे मला जाणवलंही नाही. बायकोला जाणवलं. ती म्हणाली, "तो खातच नाई." चार दिवस त्यानं खाल्लं नाही.

पाच महिन्यांनी अंडी आली आणि ७१ पिल्लं जगली. पोषण चांगलं होतं, पट्टे बहुतेकांचे पुरे. रंग मात्र सगळ्या छटांचे. काही सुंदर गडद चॉकलेटी, काही मळक्या विटेसारखी, ना धड नारिंगी ना काळी. व्यापाऱ्यानं गडद ३० वेचून नेली. राहिली ४१.

संकर बरा की वाईट या वादात या ४१ माशांबद्दल मी कुणालाच बोलताना ऐकलं नाही. निघालेल्या सुंदर माशाचा फोटो सगळे बघतात. न निघालेले कुठे जातात? हा मासा टाकीत नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहून जास्त जगतो. ४१ मासे, रोजचा खाऊ, रोजचं मीठ. मोठे व्हायला लागले की एकमेकांचे पर तोडतात. मी व्यापाऱ्याला विचारलं, लोक काय करतात? तो म्हणाला, "मोठ्या माशांना घालतात, नाहीतर नालीत." अगदी सहज म्हणाला.

त्या दिवसांत मी बाबांसोबत तलावावर जात होतो. मासेमारी सुरू होती. एका जाळ्यात आलेला मासा त्यांनी हातात घेऊन फिरवला. डोकं कटल्यापेक्षा लहान, अंग रोहूपेक्षा रुंद. बाबा म्हणाले, "याले का म्हनशील?" मी म्हटलं, कटला. त्यांनी मान हलवली. बीजकेंद्रात कटला आणि रोहूचे नर-माद्या एकाच हौदात सोडले की त्यांची मिसळ होते. जिरे, म्हणजे नुकती फुटलेली पिल्लं, एवढे बारीक की विकत घेणाऱ्याला काही कळत नाही. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिघांना एकत्र सोडायचं ते एवढ्यासाठीच. मिसळ झाली तर कोण कुठे चरतो त्याचा मेळ राहत नाही. त्यातून हे मिश्र मासे पिल्लं देऊ शकतात, म्हणून पुढचं बीजही बाटतं.

"मासा कोनाचा आहे हे मासा सांगत नाई गा," बाबा म्हणाले. "विकनारा सांगते. त्यानं खोटं सांगतलं तं तलावाले तीन वर्षानं कळते."

थाई मागूरचंही तसंच झालं होतं. आफ्रिकेतला मासा, नाव थाई, आणि आमच्या भागात 'हायब्रीड' म्हणून खपवलेला. केंद्रानं २००० मध्ये त्याच्यावर बंदी घातली, तरी तो चोरून वाढवला गेला. तलावात शिरला की देशी मागूर, शिंगी, मरळ यांची पिल्लं खातो. बाबा देशी मागुराबद्दल बोलतात तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं बोलतात.

माझा मासा तलावात सुटला तर मरेल, गोड्या पाण्यात तो जगूच शकत नाही. म्हणून माझ्या संकरानं कुणाचं नुकसान नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. बाबांच्या हातातला तो मासा बघून हे उत्तर पुरेनासं झालं.

२०२४ च्या सुरुवातीला व्यापाऱ्यानं दोन नव्या गोष्टी मागितल्या. एक, चॉकलेटी भाऊ-बहिणींचीच जोडी लावायची, म्हणजे रंग आणखी गडद होईल. दुसरी, ऑसेलॅरिसला पर्क्युला लावायचा. या दोन वेगळ्या जाती आहेत, जरी लांबून सारख्याच दिसल्या. पर्क्युलाच्या डोळ्याचं कडं भडक नारिंगी, पट्ट्यांच्या काळ्या कडा बहुधा जाड, पाठीच्या परातले काटे बहुधा दहा. ऑसेलॅरिसला बहुधा अकरा. ऑसेलॅरिस आपल्या अंदमानातही आहे. पर्क्युला पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याचा. "समुद्रातही मिसळ होतेच की," तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. पापुआ न्यू गिनी आणि सॉलोमन बेटांकडे पांढऱ्या टोपीचा एक क्लाऊनफिश आहे. त्याला आधी स्वतंत्र जात समजत होते, तो दोन जातींचा नैसर्गिक संकर निघाला.

मी दोन दिवस विचार केला. समुद्रात दोन जाती एका समुद्रफुलात येतात, जोडी तेच ठरवतात, आणि जे पिल्लू दुबळं ते टिकत नाही. माझ्या खोलीत जोडी मी ठरवतो, दुबळ्यालाही मीच जगवतो, आणि बाजाराला आवडलं नाही म्हणून धडधाकट पिल्लाला काढून टाकणाराही मीच. शिवाय टाकीत मासे पैदा करण्याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण हे की प्रवाळातून मासे उचलावे लागू नयेत. पाणी तापलं की प्रवाळांसारखी समुद्रफुलंही पांढरी पडतात आणि त्यांच्या आधारानं राहणारे हे मासे उघडे पडतात. उद्या कुठे जात कमी झाली तर टाकीतल्या चोख वंशाचा काही उपयोग होईल. पण पुण्यातल्या किंवा कोच्चीतल्या कुणी माझ्याकडून पर्क्युला म्हणून मासा नेला आणि तो अर्धा ऑसेलॅरिस निघाला, तर त्याच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांत मी खोटं पेरलं.

त्याच आठवड्यात नागपूरच्या दुकानात पॅरट मासा परत पाहिला. सिक्लिड कुळातल्या माशांच्या संकरातून तैवानमध्ये काढलेला, गोल, लाल, आणि तोंड धड मिटता न येणारा. शेजारच्या टाकीत काचेसारखे पारदर्शक मासे होते, आमच्या बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यातही सापडतात ते, पण इथं त्यांच्या पाठीत सुईनं गुलाबी-हिरवा रंग भरलेला. एक लहान मुलगी काचेला नाक लावून खूश होऊन बघत होती. तिला कुणीच काही सांगत नव्हतं. मी परत येऊन व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. तेव्हापासून त्याची ऑर्डर नाही. वर्षाला साठ-सत्तर हजारांचा फरक पडला, आणि तो आमच्या घरात जाणवतो.

मी संकराला सरसकट पाप म्हणत नाही. काळ्या आणि नारिंगी ऑसेलॅरिसची पिल्लं निरोगी होती, पोहत होती, खात होती. माझं म्हणणं वेगळं आहे. जोडी लावण्याआधी निघणाऱ्या प्रत्येक पिल्लाची जागा ठरलेली असावी, नुसत्या देखण्यांची नव्हे. ती ठरवता येत नसेल तर जोडी लावू नये. आणि माशासोबत त्याचं खरं कूळ जावं.

त्या ४१ पैकी ३३ आम्ही वर्षभरात दिले. काही शाळांना, काही साध्या किमतीत, प्रत्येकासोबत चिठ्ठी: काळा नर, नारिंगी मादी, जन्मतारीख, पैदाशीला वापरू नका. पाच अजून आमच्याकडेच आहेत. तीन पुढे खाऊ शकत नव्हते, त्यांना लवंगेच्या तेलाच्या पाण्यात शांतपणे कायमचं झोपवलं. ते काम मी बायकोवर टाकलं नाही. काळा नर आता वेगळ्या टाकीत आहे आणि जुनी जोडी परत एकत्र आहे. त्यांना जुळायला मात्र पुन्हा जाळी लावावी लागली.

टाकीजवळ आता एक वही असते. खेप, तारीख, आईबाप, रोटिफर कशावर पोसले, किती जगली, किती पट्टे चुकले, किती झाकणं वळली, कोण कुठे गेलं. पट्टा चुकलेला मासा आम्ही साध्या माशाच्याच भावात विकतो आणि का चुकला ते सांगतो. काही जण ऐकून घेत नाहीत, निघून जातात.

गालावर डाग असलेलं ते पिल्लू, बायकोनं न दिलेलं, आता मोठा नर झालाय. दुसरीकडून आणलेल्या, नात्यात नसलेल्या मादीसोबत त्याची जोडी आपणहून जमली. या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात त्यांची पिल्लं फुटली. बाराव्या रात्री लाईन गेली होती. बाबांनी टॉर्च धरला, बायकोनं पांढऱ्या वाटीत दहा-दहा पिल्लं काढली आणि मी मोजत गेलो. डोक्यामागचा पट्टा आला होता, दोन्ही बाजूंनी सारखा.

"बापासारखं कोनी?" बाबांनी विचारलं.

५८ पिल्लं मोजून झाली होती. एकाच्याही गालावर डाग नव्हता. बायकोनं वाटी हळूच पाण्यात टेकवली, पिल्लं परत सोडली, आणि वही मागितली.